पान वाचणारीसाठी

वैनगंगेच्या काठावरच्या पवनीहून आम्ही बोलतो आहोत. आज सांगायची आहे लिहिण्या-वाचण्याची गोष्ट. पण तिची सुरुवात आमच्या एका चुकीपासून होते, म्हणून आधी ती चूक सांगतो.

आमच्या पाच बचत गटांनी मिळून एक भित्तिपत्रक सुरू केले होते. महिन्यातून एकदा मोठ्या कागदावर लिहायचे आणि समाजमंदिराच्या भिंतीला चिकटवायचे. पहिल्या महिन्यात काय उत्साह! कविता आली, उखाणे आले, कुणी तांदळाच्या पापडांची रीत दिली, कुणी धान्याला कीड लागू नये म्हणून काय करायचे ते लिहिले. कागद पुरेना, म्हणून अक्षर बारीक केले. चौथ्या महिन्यात मात्र उलट झाले. लिहायला कुणीच बसेना. "काय लिहायचं वो बाई, सुचतच नाही," असे जी ती म्हणू लागली. आम्ही जुन्याच कविता पुन्हा उतरवल्या आणि कागद कसाबसा भरला.

त्याच कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक सूचना होती. निराधार योजनेचा पगार ज्यांना मिळतो, त्यांनी हयातीचा दाखला अमुक तारखेच्या आत द्यावा. ती सूचना आम्ही गुलाबी स्केचपेनने, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिली होती. वर अर्धा कागद फुलापानांच्या नक्षीने भरलेला.

आमच्या गटातल्या एक आजी साक्षरता वर्गात अक्षरे शिकलेल्या. रोज त्या भिंतीसमोरून जातात. तारीख निघून गेली आणि त्यांचा दोन महिन्यांचा पगार अडकला. आम्ही म्हणालो, "आजी, भिंतीवर तर लिहिलं होतं." त्या म्हणाल्या, "मले वाचता येते वो माय. पन ह्या मुंग्या कोन वाचल?"

त्या दिवशी आमचे तोंड बंद झाले. मग आम्ही दोन प्रश्न घेऊन बसलो. पहिला उत्साह ओसरल्यावर लिहिणे चालू कसे ठेवायचे? आणि लिहिलेले पान वाचणारीला सोपे कसे करायचे? आपल्या आधीच्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, हे कसे केले ते शोधत गेलो. जे सापडले ते आज सांगतो.

सुरुवात आमच्या गावातच सापडली. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली पुरातत्त्व खात्याने आणि नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. तिथे दोन हजार वर्षांहून जुना मोठा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत ओळी कोरलेल्या आहेत. एका दगडावर फणा काढलेला नाग आहे आणि त्याच्याजवळ त्याचे नाव कोरले आहे, मुचलिंद नाग. बाकीच्या ओळी बहुतेक देणगी देणाऱ्यांच्या. कुणाचे दान, एवढेच. त्या नावांत बायकांचीही नावे आहेत. दगडावर छिन्नीने एकेक अक्षर काढायचे म्हणजे फालतू शब्दाला जागाच नाही. चित्र आणि त्याच्याजवळ त्याचे नाव, एका ओळीत एकच गोष्ट. आमच्या भित्तिपत्रकापेक्षा तो दगड जास्त सरळ बोलत होता.

पुढे कागद आला, तरी वाचणे सोपे नव्हते. जुन्या पोथ्यांत शब्द एकाला एक चिकटून असत. मोडी लिहिताना तर आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे ओवत जायची. एक शब्द कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. ज्याचा तो धंदा आहे त्याला ते जमे. बाकीच्यांनी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. सावकाराच्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिले आहे, हे आपल्या आजे-पणज्यांना का कळत नव्हते, त्याचे एक कारण शाळा नव्हती हे आहे आणि दुसरे कारण हेही आहे.

छापखाना आल्यावर शब्दांमध्ये जागा आली. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हे मराठीत रुळवण्याचे मोठे काम एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी केले. आज आपण ज्या ठिपक्यापाशी श्वास घेतो, तो ठिपका मराठीत अलीकडचा आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले. त्याच्या पानावर दोन उभे रकाने होते, एकात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी. वाचणारे दोन तऱ्हेचे आहेत, हे ओळखून पान आखले होते. पुढे जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. लहानपणी छापखान्यात हलकी कामे करून वर आलेला हा माणूस. त्यांच्याकडच्या देवनागरी खिळ्यांचे अक्षर इतके सुबक आणि स्वच्छ, की निर्णयसागरची पुस्तके त्यासाठीच नावाजली गेली. पान सोपे करणे हेही कसबाचे काम आहे, हे यावरून कळते.

आता बायकांकडे येऊ. लिहायला सुचते कुठून?

१८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात एका मुलीचा निबंध छापून आला. मुलीचे नाव मुक्ता साळवे. वय चौदा, जात मांग, शिक्षण फुल्यांच्या शाळेत. विषय होता मांग-महारांचे दुःख. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, हे तिने त्यात लिहिले. सुचण्यासाठी तिला कुठे जावे लागले नाही. जे रोज डोळ्यांसमोर होते तेच तिने मांडले, आणि आज पावणेदोनशे वर्षे होत आली तरी ते वाचले जाते.

दुसरी आपल्या विदर्भातली, बुलढाण्याची ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा कमी केली गेली, पण वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांवरच ताशेरे उठले. ताराबाई पेटून उठली. १८८२ साली तिचे 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापून निघाले. तिच्यावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईचे दुसरे पुस्तक आपल्यापर्यंत आलेले नाही. पहिले पुस्तकही विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा लोकांच्या हाती आले.

ताराबाईची गोष्ट वाचून आम्ही बराच वेळ गप्प होतो. एवढी आग असलेली बाई एका पुस्तकावर थांबली. राग लिहायला बसवतो, हे खरे. पण एकटीने बसून, चहूकडून बोल ऐकत, किती वर्षे लिहिणार? सोबत लागते.

ती सोबत कशी असते ते तानुबाई बिर्जे यांच्याकडे दिसते. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या, सत्यशोधक घरातल्या. 'दीनबंधु' हे पत्र १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केले. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवले, त्यानंतर तानुबाईंचे पती वासुदेवराव यांनी. पती वारले तेव्हा पत्र बंद पडले असते तर कुणी नावे ठेवली नसती. तानुबाई संपादकाच्या जागी बसल्या आणि १९१२ पर्यंत त्यांनी ते चालवले. मराठी वर्तमानपत्राच्या त्या पहिल्या स्त्री-संपादक मानल्या जातात. रोज नवी स्फूर्ती येते म्हणून पत्र चालत नाही. वाचणारा शेतकरी, गिरणी कामगार पलीकडे वाट बघतो आहे, म्हणून ते चालते.

मग १९३० साल. किर्लोस्करवाडीला नांगराचा कारखाना होता. आधी त्या कारखान्याचे एक खबरपत्र निघे, त्याचे मासिक झाले, आणि १९३० च्या ऑगस्टमध्ये शंकरराव किर्लोस्करांनी खास बायकांसाठी 'स्त्री' मासिक काढले. शंकरराव स्वतः चित्रकार. पान डोळ्यांना कसे दिसते, याची त्यांना जाण होती. घरात चुलीपाशी बसून लिहिणाऱ्या कितीतरी बायकांचे पहिले लेखन 'स्त्री'त छापून आले. वाचणारीच पुढे लिहिणारी झाली. मासिकाला विषयांची वाण पडली नाही, कारण विषय घराघरांतून येत होते. त्याच 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली पुण्यात नवे मासिक काढले. त्याचे नावच 'मिळून साऱ्याजणी'. एकटीने नव्हे, मिळून.

शेवटचे उदाहरण आपल्या राज्याबाहेरचे, पण आपल्यासारख्याच बायकांचे. उत्तर प्रदेशात बुंदेलखंडातल्या चित्रकूट जिल्ह्यात कर्वी गाव आहे. तिथे २००२ साली 'खबर लहरिया' नावाचे पत्र सुरू झाले. बातम्या आणणाऱ्या, लिहिणाऱ्या साऱ्या गावच्या बायका, बहुतेक दलित, काही तर नुकत्याच लिहायला शिकलेल्या. भाषा पुस्तकी हिंदी नव्हे, घरची बुंदेली. आणि पत्र विकायलाही त्याच बायका गावोगाव जात. हातपंप बंद आहे, रेशन मिळाले नाही, रस्ता अर्धवट सोडला, हे तिथे कळे आणि पुढच्या अंकात येई. २००९ साली साक्षरतेच्या कामासाठी त्यांना युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. विकायला गेलेली बाई रिकाम्या हाताने परत येत नव्हती, पुढच्या अंकाची बातमी घेऊन येत होती. ही गोष्ट आम्ही वहीत लिहून ठेवली.

मैत्रिणींनो, एवढे सगळे पाहिल्यावर आमच्या ध्यानात आले की आमचे दोन प्रश्न वेगळे नव्हते. आम्ही वाचणारीला विसरलो होतो, म्हणून सुचत नव्हते. वाचणारीला विसरलो होतो, म्हणूनच अक्षर बारीक झाले होते.

मग आम्ही भित्तिपत्रक पुन्हा सुरू केले. आता काय करतो ते सांगतो. तुमच्या गटाच्या फळ्यालाही ते लागू पडेल.

तारीख असलेली सूचना सगळ्यांत वर, चौकटीत, दुसऱ्या कशाचीही भेसळ न करता. काय करायचे, कुणी करायचे, कधीपर्यंत आणि सोबत कोणता कागद न्यायचा, एवढ्या चारच ओळी. मथळ्याचे अक्षर अंगठ्याएवढे, पाच हातांवरून वाचता आले पाहिजे. शाई काळी किंवा गडद निळी. गुलाबी आणि पिवळा रंग फक्त नक्षीला, आणि नक्षी फक्त काठाला. दोन शब्दांत बोटभर जागा, दोन ओळींत त्याहून थोडी जास्त. एका कागदावर तीनच गोष्टी, चौथी पुढच्या महिन्यात. कागद उभ्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला लावायचा. आधी आम्ही पोरांनी फाडू नये म्हणून पार वर लावत होतो.

सुचण्यासाठी आम्ही भिंतीजवळ एक वही आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवली आहे. जिला जे विचारायचे ते तिने लिहायचे. लिहिता येत नसेल तर शेजारणीकडून लिहवून घ्यायचे. पहिल्याच महिन्यात अकरा प्रश्न आले. पऱ्हं टाकायच्या दिवसांत मजुरीचा दर काय ठरला? मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज कुठे मिळतो? कर्ज घेतलेली बाई वारली तर गटाने काय करायचे? हे प्रश्न म्हणजेच आमचे विषय. उत्तर आम्हाला माहीत नसेल तर विचारून येतो आणि मगच लिहितो. लिहायची पाळी दर महिन्याला दोघींची, म्हणजे एकीवर भार नाही आणि एकटीने बसणे नाही. कविता बंद केल्या नाहीत. त्यांना खालचा अर्धा कागद दिला आहे, तोही मोठ्या अक्षरात.

आणि एक नियम. कागद चिकटवायच्या आधी तो आजींच्या समोर धरायचा. त्या मोठ्याने वाचतात. जिथे अडतात तो शब्द आम्ही बदलतो. एकदा आम्ही 'विहित नमुन्यात अर्ज सादर करावा' असे लिहिले होते. आजी 'विहित'वर थांबल्या. म्हणाल्या, "ही कोनची विहीर आय?" सगळ्या हसलो, आणि लिहिले, "छापील अर्ज भरून द्यावा."

आजींचा पगार पुढे सुरू झाला, पण त्या दोन महिन्यांत त्यांनी दुकानात उधारी केली होती ती फेडायला बराच काळ गेला. ते आम्ही विसरलेलो नाही. या वर्षीची हयातीच्या दाखल्याची सूचना आम्ही वरच्या चौकटीत लावली आहे. पहिल्या दिवशी आजींनी ती स्वतः वाचली आणि वाड्यातल्या आणखी तिघींना हाताला धरून भिंतीपाशी आणले.

तुमच्या गटाच्या फळ्यासमोर आज संध्याकाळी एकदा उभ्या राहून बघा. शेजारच्या मावशीला वाचायला सांगा. ती कुठे अडते ते ऐका, आणि पुढच्या वेळी आम्हालाही कळवा.