माहूरगडाला जाऊन आलात, पण ‘गड’ पाहिलात का?

नवरात्रात माहूरला पाय ठेवायला जागा नसते. रेणुकामाता म्हणजे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. भाविक देवीचं दर्शन घेतात, कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद घेतात, दत्तशिखर आणि अनसूया मातेचा डोंगर करतात आणि परतीला लागतात. घरी आल्यावर सांगतात, “माहूरगडावर जाऊन आलो.”

गंमत अशी, की त्यातले बहुतेक जण गडावर गेलेलेच नसतात. देवीच्या डोंगराला लागूनच दुसरा डोंगर आहे. तिथली तटबंदी गाडीच्या काचेतून दिसते आणि मागे पडते. तोच रामगड, म्हणजे माहूरचा किल्ला.

चढून जायचा किल्ला

नांदेड-लातूरकडचे नावाजलेले किल्ले म्हणजे कंधार, औसा, उदगीर. हे सगळे भुईकोट, म्हणजे गाडीतून उतरलं की समोर खंदक आणि दरवाजा. माहूर त्यात वेगळा. इथे खरोखर डोंगर आहे, पण सह्याद्रीसारखा छातीवर येणारा चढ नाही. बऱ्यापैकी चालायची सवय असलेल्या माणसाला अर्धा दिवस पुरतो.

तटबंदीने डोंगराच्या दोन सोंडा कवेत घेतल्या आहेत आणि त्यांच्या मधल्या खोलगट भागात तलाव आहे. किल्ला इतकी वर्षं का टिकला, याचं उत्तर या तलावात आहे. वर पाणी असल्याशिवाय वेढा सोसता येत नाही. उत्तरेला हत्ती दरवाजा आहे. त्याच्याजवळच्या वास्तूला चिनी महाल म्हणतात. बाकी पडक्या इमारती, झाडोऱ्यात शिरलेल्या भिंती आणि महाकाली बुरूज.

पैनगंगा पाहायची तर तटावरून. ही नदी माहूरच्या डोंगरांना तीन बाजूंनी वळसा घालून जाते. पावसाळ्यानंतर खाली सागाचं हिरवं रान आणि त्यातून नदीचं वळण दिसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं गळतात, पळस फुलतो आणि दरीचा रंगच बदलतो. पलीकडच्या तीरावर विदर्भ, यवतमाळ जिल्हा.

नदी नव्हे, सीमा

आज नदी ओलांडली की फक्त जिल्हा बदलतो. इंग्रजांच्या काळात राज्य बदलायचं. पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड, अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. माहूर ज्या किनवट तालुक्यात होतं, तो तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो तिथून निघून नांदेडला जोडला गेला.

त्याआधीही माहूर असं कडेचंच ठाणं होतं आणि म्हणूनच प्रत्येकाला हवं होतं. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने मोठे सुभे तोडून लहान केले, तेव्हा वऱ्हाडाचे दोन भाग झाले. एकाचं ठाणं मेळघाटातलं गाविलगड, दुसऱ्याचं माहूर. म्हणजे अर्ध्या वऱ्हाडाचा कारभार या डोंगरावरून चालायचा. पुढे इमादशाही, निजामशाही आणि मग मुघल. अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’मध्येही वऱ्हाड सुभ्यातलं एक ‘सरकार’ म्हणून माहूरची नोंद आहे.

१६२३ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बाप जहांगीरविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळाला. गोवळकोंड्याकडे निघताना त्याने हत्ती आणि जड सामान माहूरच्या किल्ल्यात ठेवलं. सांभाळायला माहूरचे उदाराम होते.

याच उदाराम देशमुखांच्या घराण्यातल्या सावित्रीबाई म्हणजे ‘रायबागन’. रायबागन म्हणजे राजवाघीण. हा किताब औरंगजेबाने दिला. २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, तेव्हा त्या मुघलांच्या बाजूने तिथे होत्या. वाट उरली नाही, शरण जा, असा सल्ला त्यांनीच खानाला दिल्याचं सांगितलं जातं. उंबरखिंडीवरच्या रील्समध्ये रायबागन हमखास असतात, माहूरचा उल्लेख क्वचितच.

जायचं तर कसं, कधी?

नांदेडहून माहूर सुमारे १३० किलोमीटर. लातूरकरांनी नांदेड गाठून पुढे यावं. रेल्वेने यायचं तर किनवट स्टेशन, तिथून माहूर साधारण ५० किलोमीटर.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. भर पावसात दगड शेवाळतात आणि कमरेएवढ्या गवतात पायाखालचं दिसत नाही, साप-विंचवाची भीती असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा सकाळी लवकर चढून दहाच्या आत उतरलेलं बरं. पाणी बरोबर घ्या, पायात बूट घाला. वर एकटं फिरण्यापेक्षा गावातला माहितगार सोबत घ्या, म्हणजे कुठली भिंत कशाची तेही कळेल. तटाचे दगड जागोजागी सुटलेत आणि पलीकडे सरळ उतार आहे. फोटो काढायचा तो आतल्या बाजूला उभं राहूनच.

वेळ उरला तर माहूर गावाजवळची पांडवलेणीही बघता येतात. जाडजूड खांबांचं प्रशस्त दालन आहे, आणि उन्हातून उतरून आलेल्याला तिथला गारवा सोडवत नाही.