ओहायोवरची उलटी फेरी

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नद्यांवर चाललेली पहिली आगबोट ‘न्यू ऑर्लिन्स’ २० ऑक्टोबर १८११ रोजी पिट्सबर्गहून निघाली आणि १८१२च्या जानेवारीत त्याच नावाच्या शहराला पोचली. त्या काळात आकाशात धूमकेतू होता आणि वाटेत भूकंपाने मिसिसिपीचे काठ ढासळले. त्यामुळे ही कथा सांगणारे त्या थरारातच रमतात. बोटीचे खरे महत्त्व मात्र लुईव्हिलच्या एका जेवणावळीत ठरले. प्रवाहाबरोबर खाली जाण्यात तसे कर्तृत्व नव्हतेच. ओहायो खोऱ्यातले शेतकरी सपाट तळाच्या होड्यांतून पीठ, डुकराचे मांस आणि व्हिस्की शेकडो मैल खाली नेतच होते. अडचण परतीची होती. होडी मोडून लाकूड विकायचे आणि पायी घर गाठायचे, हा रिवाज. माल घेऊन वर यायचे तर वल्ही मारत, काठ्या रेटत आणि दोर ओढत न्यू ऑर्लिन्सहून लुईव्हिलपर्यंत तीन-चार महिने मोडत.

म्हणूनच ऑक्टोबरअखेर बोट लुईव्हिलला लागली तेव्हा गावाने बोटीचा कर्ता निकोलस रूझवेल्ट याचे कौतुक केले, पण ही बोट पुन्हा वर येईल यावर कुणाचा विश्वास बसेना. त्यांना अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. फुल्टनची आगबोट १८०७ पासून हडसनवर चालत होती खरी, पण तिथे भरती-ओहोटी चालते. ओहायोची ओढ एकाच दिशेची. त्यात शरदात नदीचे पाणी उतरलेले. गावाखालच्या खडकाळ उतारावरून बोट नेता येईना, मुक्काम लांबला. रूझवेल्टने गावच्या प्रतिष्ठितांना बोटीवरच जेवायला बोलावले. जेवण रंगात आले असताना खालून गडगडाट झाला आणि बोट हलली. नांगर सुटला, आता खडकांवर आदळणार, या धास्तीने पाहुणे वर डेकवर धावले. पाहतात तर बोट प्रवाह कापत वर निघालेली आणि गाव मागे पडत चाललेले!

हा प्रसंग आपल्याला कळतो तो रूझवेल्टचा मेहुणा जॉन लॅट्रोब याने १८७१ साली छापलेल्या हकिकतीतून. घरच्या गोष्टीला साठ वर्षांत रंग चढतोच, हा आक्षेप रास्त आहे. पाहुण्यांची घाबरगुंडी वाढवून सांगितली असेलही. पण २७ नोव्हेंबरला हीच बोट लुईव्हिलहून उलट्या प्रवाहात सिनसिनाटीला पोचली, आणि ही बातमी तिथल्या तेव्हाच्या वर्तमानपत्राने दिली. तेव्हा मूळ मुद्दा घरच्या आठवणींवर विसंबून नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खाली गेलेली ही बोट ओहायोत परत आलीच नाही. न्यू ऑर्लिन्स आणि नॅचेझ यांच्या दरम्यान फेऱ्या मारत १८१४ साली ती बुडाली. लुईव्हिलपर्यंतची वाट तिच्यानंतर १८१५ साली ‘एंटरप्राइझ’ने २५ दिवसांत कापली, म्हणजे परतीचा व्यापार सुरू करण्याचे श्रेय ‘न्यू ऑर्लिन्स’ला देता येत नाही. तिने वादाचा विषय बदलला. बोट वर चढेल का, हा प्रश्न मिटला आणि त्यासाठी इंजिन किती दमदार हवे, एवढाच उरला. त्या शरदात नदी दुथडी भरून वाहत असती तर बोट मुकाट्याने उतार ओलांडून पुढे गेली असती आणि लुईव्हिलकरांची शंका कायम राहिली असती. पाणी कमी पडले म्हणूनच पुरावा हाती आला.