पिअरी लँड
ग्रीनलंडच्या उत्तर टोकावरील द्वीपकल्प. क्षेत्रफळ सु. 57,000 चौ. किमी. याच्या उत्तरेस आर्क्टिक महासागर, पश्चिमेस व्हिक्टोरिया फ्योर्ड व दक्षिणेस इंडिपेन्डन्स फ्योर्ड आहे. उत्तर ध्रुव येथून सु. 700 किमी.वर असला, तरी हिमवृष्टी अत्यल्प असल्याने ग्रीनलंडचा मुख्य हिमस्तर येथवर पोहोचत नाही. बराचसा प्रदेश उघड्या खडकांचे शीत वाळवंट आहे.

या किनाऱ्याच्या नकाशाचा इतिहास एका चुकीच्या रेषेपासून सुरू होतो. अमेरिकन समन्वेषक रॉबर्ट पिअरी हिमस्तर ओलांडून 4 जुलै 1892 रोजी नेव्ही क्लिफ या कड्यावर पोहोचला. समोरच्या उपसागराला त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनावरून नाव दिले आणि तेथून पश्चिमेकडे सामुद्रधुनी जाते असे मानून नकाशात ‘पिअरी चॅनेल’ दाखविली. त्यामुळे पिअरी लँड हे बेट ठरले. 1900 मध्ये त्याने उत्तरेकडील केप मॉरिस जेसप गाठले. सामुद्रधुनीची मात्र शहानिशा झाली नाही.

डॅनिश ‘डान्मार्क’ मोहिमेतील (1906–08) मूलियस-एरिक्सन, नकाशाकार हाय हागेन व ग्रीनलंडवासी यर्गन ब्रनलुन यांनी 1907 मध्ये ती शोधण्याचा प्रयत्न केला. किनारा नकाशात होता त्यापेक्षा पूर्वेकडे कितीतरी दूरवर पसरलेला निघाला. वाट चुकून ते डान्मार्क फ्योर्डमध्ये शिरले, उन्हाळ्यात बर्फ वितळल्याने अडकले आणि परतताना तिघेही मरण पावले. ब्रनलुनचा मृतदेह मार्च 1908 मध्ये योहान पीटर कॉक व टोबियास गाब्रिएल्सन यांना सापडला. त्याच्याजवळ रोजनिशी व हागेनची रेखाचित्रे होती. रोजनिशी ग्रीनलंडी भाषेत होती; शेवटची नोंद मात्र शोधणाऱ्यांना वाचता यावी अशी डॅनिशमध्ये होती. पाय गोठलेले असताना त्याने ही कागदपत्रे अन्नसाठ्याच्या ठिकाणापर्यंत आणली, म्हणूनच हागेनचे काम वाचले. येथील संशोधनात ब्रनलुनचे स्थान पिअरीइतकेच मोठे आहे.

सामुद्रधुनी नसल्याचा मूलियस-एरिक्सनचा लेखी निरोप 1910 मध्ये आइनार मिकेल्सनला दगडांच्या राशीत मिळाला. 1912 मध्ये क्नूड रासमुसेन व पीटर फ्रॉइचेन यांनी त्याला दुजोरा दिला. लाउगे कॉकने 1921 मध्ये उत्तर किनाऱ्याचे सर्वेक्षण केले. पुढे हवाई छायाचित्रांमुळे नकाशे अधिक अचूक झाले. उत्तरेकडील ऊडाकसारखी 1978 नंतर नोंदलेली चिमुकली ‘बेटे’ ही वाळू-गोट्यांनी झाकलेले व तळाला टेकलेले हिमनग असल्याचे 2022 मध्ये जाहीर झाले. त्यामुळे किनाऱ्याजवळील काफेक्लुबेन बेट हीच जगातील सर्वांत उत्तरेकडील भूमी मानली जाते.