लिनक्सचा प्रारंभक्रम आणि अखेरच्या ओळीचा पुरावा

संगणक सुरू करावा, पडद्यावर एकामागून एक सेवांची नावे उमटत जावीत आणि मध्येच सारे थांबावे, हा अनुभव लिनक्स वापरणाऱ्यास नवा नाही. अशा वेळी अखेरच्या ओळीत जिचे नाव असेल तीच सेवा दोषी, असा निर्णय सामान्यतः दिला जातो. एके काळी तो बव्हंशी बरोबर ठरे. आज तसे म्हणता येत नाही. हा पालट कसा घडला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मूळ परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकी येथे लिनक्सचा आरंभ केला, तेव्हा वैयक्तिक संगणकांत आयएसए पद्धतीची कार्डे सर्रास असत. असे कार्ड आपली ओळख स्वतः सांगत नसे. त्याचा शोध घेण्यासाठी ठराविक पोर्टांवर काही लिहून उत्तर पाहावे लागे, आणि तेथे भलतेच कार्ड असले तर यंत्र जागीच गोठण्याचा संभव असे. १९९२ मध्ये आलेल्या पीसीआय पद्धतीने कार्डाची ओळख सुरक्षितपणे वाचण्याची सोय केली. तथापि जुनी रीत लगेच लोपली नाही. लॅपटॉपवरील पीसीएमसीआयए कार्डांची व्यवस्था पाहणारी सेवा पोर्ट तपासू लागली की काही यंत्रे गोठत, आणि कोणते पोर्ट वगळावेत हे एका फाइलीत लिहून ठेवावे लागे.

याला वितरणांच्या गरजेची जोड मिळाली. एकच वितरण शेकडो प्रकारच्या यंत्रांवर चालावयाचे, म्हणून हार्डवेअरसाठी लागू शकणाऱ्या अनेक सेवा आधीच चालू ठेवलेल्या असत. रेड हॅटची ‘कुडझू’ ही सेवा दर वेळी नव्या-जुन्या हार्डवेअरचा पडताळा घेई आणि बदल आढळल्यास वापरणाऱ्याच्या उत्तरासाठी काही काळ थांबे. ज्या यंत्रात पीसीएमसीआयएची खाचच नाही, त्यावरही तिची सेवा सुरू करण्याचा प्रयत्न होई. सर्वांची सोय पाहताना प्रत्येकाच्या माथी थोडा अनावश्यक भार पडला, असे म्हणावयास हरकत नाही.

हा भार जाणवण्याचे कारण प्रारंभाच्या रचनेत होते. बहुतेक वितरणांनी युनिक्सच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ शाखेची पद्धत घेतली होती. तीत सेवांच्या स्क्रिप्टांना क्रमांक असत व त्या क्रमानेच चालत. एक संपल्यावाचून दुसरी सुरू होत नसे. सेवेचे नाव आधी छापले जाई आणि काम पुरे झाल्यावर पुढे ‘ओके’ उमटे. साहजिकच ज्या नावापुढे ‘ओके’ नाही, तेथेच अडथळा आहे हे उघड दिसे. रेड हॅटमध्ये प्रारंभी ‘आय’ ही कळ दाबून प्रत्येक सेवेस होकार वा नकार देता येई. संशयित सेवा वगळावी, यंत्र पुढे गेले तर ‘चेककॉन्फिग’ या आज्ञेने ती कायमची बंद करावी, एवढाच उपाय पुरे.

पुढील काळात ही साक्ष दुबळी झाली. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या पुढाकाराने आलेल्या ‘यूडेव्ह’मुळे हार्डवेअर प्रकट होईल तसतशी त्याची दखल घेणे शक्य झाले. २००६ साली उबुंटूने घटनांवर आधारलेले ‘अपस्टार्ट’ स्वीकारले. लेनार्ट पॉटरिंग व के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये ‘सिस्टिमडी’ मांडले. फेडोराने २०११ साली आणि डेबियनने २०१५ साली ते मूळ व्यवस्था म्हणून घेतले. आता अनेक सेवा एकाच वेळी सुरू होतात. त्यामुळे अखेरची ओळ ही केवळ शेवटी बोललेल्या साक्षीदाराची असते. दोषी कदाचित अद्याप काहीच बोललेला नसतो.

एक उदाहरण घेऊ. यंत्रातून जुनी डिस्क काढली, पण ‘एफएसटॅब’ या फाइलीतील तिची नोंद तशीच राहिली. सिस्टिमडी त्या डिस्कची मूळ मर्यादेनुसार ९० सेकंद वाट पाहते, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सेवा निर्दोष असूनही तिष्ठत राहतात. ‘यूडेव्ह-सेटल’ ही सेवाही सारे हार्डवेअर स्थिरावेपर्यंत थांबते. एखाद्या जुन्या सेवेने तिची मागणी केली की सगळी रांग खोळंबते. ‘सिस्टिमडी-अनॅलाइझ’च्या ‘ब्लेम’ या यादीत अशा वेळी दुसऱ्यासाठी ताटकळलेल्या सेवेचेच नाव वर येऊ शकते. म्हणून ‘क्रिटिकल-चेन’ पाहून कोण कोणासाठी थांबले, हे शोधणे अगत्याचे आहे.

सबब क्रम असा असावा. कर्नलच्या आज्ञेतील ‘क्वाएट’ हा शब्द काढून दडलेले संदेश पाहावेत. मागील प्रारंभाची नोंद जतन झाली असल्यास ती वाचावी. मग यंत्रात जे हार्डवेअर खरोखर आहे त्याच्याशी चालू सेवांची यादी ताडून पाहावी आणि एका वेळी एकच सेवा, पुन्हा चालू करता येईल अशा रीतीने, बंद करावी. ‘अनावश्यक’ हा शब्दही जपून वापरावा लागतो: ज्याचा कळफलक ब्लूटूथवर चालतो, त्याने ती सेवा घाईने बंद केल्यास लॉगिनचा मार्गच खुंटेल.

इतिहासाच्या अभ्यासकास यात अपरिचित असे काही नाही. बखरीची अखेरची नोंद म्हणजे घटनेचे कारण नव्हे, हे आपण जाणतो. नोंद कोणत्या पद्धतीने झाली हे ठाऊक असल्याखेरीज तिचा अर्थ लावता येत नाही. आणि पद्धत बदलली की जुन्या कसोट्याही पुन्हा तपासाव्या लागतात.