पायगाडी, मोटार आणि मर्यादा

इंग्लंडांतील केंट परगण्यांत पॅडक वुड नांवाचें एक गांव आहे. १८९६ सालच्या जानेवारी महिन्याच्या २८ तारखेस वॉल्टर अर्नोल्ड नांवाचे गृहस्थ आपली मोटारगाडी घेऊन त्या गांवांतून चालले होते. वस्तींतून अशी गाडी ताशीं २ मैलांहून अधिक वेगानें हांकूं नये, असा त्या काळचा कायदा होता. अर्नोल्डसाहेबांची गाडी ताशीं ८ मैल चालली होती. तेथील पोलीस शिपायानें हें पाहिलें, आपली पायगाडी बाहेर काढली आणि सुमारें ५ मैल पाठलाग करून त्यांस गांठलें. पुढें खटला उभा राहिला व वेगाच्या अपराधाबद्दल साहेबांस १ शिलिंग दंड झाला.

श्रोतेहो, या गोष्टींतील मौज आपल्या ध्यानांत आलीच असेल. मोटार पुढें, पायगाडी मागें, आणि पकडणारी मात्र पायगाडी! ज्या वाहनाला इंजिन होतें त्यास माणसाच्या चालीहूनहि मंद चालण्याची आज्ञा; ज्याला इंजिन नव्हतें त्यास ती आज्ञा नाहीं. आतां कोणी असें विचारील कीं, त्या पायगाडीलाच एक लहानसें यंत्र बसविलें असतें तर तिला कोणता कायदा लागला असता? पायगाडीचा कीं मोटारीचा? आज आपल्या गल्लीगल्लींतून विजेच्या सायकली धांवूं लागल्या आहेत, त्यामुळें हा प्रश्न घरोघर उभा राहिला आहे. परंतु तो नवा नाहीं. त्याचा इतिहास मी आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडणार आहें. हा विषय निवडण्यास माझें एक खासगी कारणहि आहे. तें शेवटीं सांगेन.

या प्रश्नाचा निकाल इंग्लंडच्या क्वीन्स बेंच न्यायालयानें १८८१ सालींच देऊन ठेवला होता. सर थॉमस पार्किन्स यांच्याजवळ एक तीनचाकी होती. ती पायांनीं चालवितां येई, पायांना वाफेच्या लहान यंत्राची मदत देऊन चालवितां येई, आणि नुसत्या वाफेवरहि चालवितां येई. त्या काळीं इंग्लंडांत १८६५ सालचा एक कायदा जारी होता. अवजड वाफेचीं इंजिनें रस्त्यांवरून जाऊं लागल्यामुळें तो करण्यांत आला होता. अशा इंजिनाबरोबर तीन माणसें हवीं, त्यांपैकीं एकानें हातांत लाल निशाण घेऊन ६० यार्ड पुढें पायीं चालावें, आणि वेग गांवाबाहेर ताशीं ४ मैल व वस्तींत २ मैल असावा, असे त्यांतील निर्बंध होते. १८७८ सालीं निशाणाची सक्ति गेली, परंतु पुढें चालणारा मनुष्य राहिला. अंतर तेवढें २० यार्डांवर आलें. पार्किन्स यांची तीनचाकी या कायद्याच्या कक्षेंत येते काय, असा वाद निघाला, आणि येते असाच निर्णय झाला. हत्तीला घालावयाचा साखळदंड सशाच्या पायांत पडला! अशा हलक्या यंत्रांची वाट त्या देशांत पुढील पंधरा वर्षें अडून राहिली. १८९६ सालीं नवा कायदा झाला, तेव्हां हलक्या गाड्यांचीं हीं बंधनें सुटलीं व त्यांना ताशीं १४ मैलांपर्यंत मुभा मिळाली. त्या आनंदाप्रीत्यर्थ नोव्हेंबरच्या १४ तारखेस लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची मिरवणूक निघाली.

इतर देशांत संशोधकांचे प्रयत्न मात्र चालूच होते. १८८१ सालींच गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकानें पॅरिसच्या रस्त्यावर विजेवर चालणारी तीनचाकी धांववून दाखविली. म्हणजे विजेची गाडी ही आजची नवलाई असा आपला समज असेल, तर तो सोडला पाहिजे. जर्मनींत डाइमलर आणि माइबाख या जोडीनें १८८५ सालीं एका लांकडी दुचाकीस अर्ध्या अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन बसविलें; तिचा वेग ताशीं सुमारें १२ किलोमीटर होता. अमेरिकेंत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ सालीं विजेच्या सायकलीचें पेटंट मिळालें. त्यांनीं मोटार मागल्या चाकाच्या तुंब्यांतच बसविली होती. आजच्या पुष्कळ विजेच्या सायकलींत मोटारीची जागा तीच आहे. परंतु त्या काळची बॅटरी शिशाची, जड आणि लौकर दमणारी. म्हणून पेट्रोलनें बाजी मारली व वीज शंभर वर्षें मागें राहिली.

वेगाच्या मोहाचें उदाहरणहि याच काळांत सांपडतें. अमेरिकेंतील सिल्व्हेस्टर रोपर हे वाफेच्या गाड्यांचे एक आद्य कारागीर. १८९६ सालच्या जून महिन्याच्या १ तारखेस, वयाच्या ७२ व्या वर्षीं, ते आपली वाफेची सायकल घेऊन शर्यतीच्या रिंगणांत उतरले. फेऱ्या मारतां मारतां ते कोसळले व तेथेंच त्यांचा अंत झाला. त्यांचें हृदय बंद पडलें होतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर या वाहनाचे दिवस पालटले. मोटारी परवडत नव्हत्या, पेट्रोल दुर्मिळ होतें, आणि कामावर तर जावयाचें होतें. १९४६ सालीं जपानांत सोइचिरो होंडा यांनीं सैन्याच्या बिनतारी यंत्रांसाठीं केलेलीं लहान इंजिनें मिळवून सायकलींना जोडण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें वेलोसोलेक्स ही पुढल्या चाकावर इंजिन असलेली सायकल विक्रीस आली. असल्या गाड्यांना संपूर्ण मोटारीचा कायदा लावणें म्हणजे गरिबाच्या पायांत पुन्हां साखळदंड घालणें होय, हें राज्यकर्त्यांस आतां उमजलें होतें. म्हणून युरोपांत कायद्यानेंच एक मधला वर्ग निर्माण केला. स्वीडनमध्यें १९५२ सालीं अशा गाडीस नियमांत स्थान मिळालें, आणि मोटार व पेडल या दोन शब्दांच्या जोडणींतून ‘मोपेड’ हें नांव रूढ झालें. थोडी शक्ति, थोडा वेग, आणि त्या बदल्यांत थोडीं बंधनें, असा हा सौदा होता.

परंतु सौदा म्हटला कीं तो बुडविणाराहि येतोच. १९७१ सालीं ब्रिटनमध्यें असा नियम झाला कीं, सोळा वर्षांच्या मुलांनीं फक्त पेडल असलेली व ५० घन सेंटिमीटरांच्या आंतील इंजिनाची गाडी चालवावी. कारखानदारांनीं काय केलें? चांगल्या दणकट मोटारसायकलींना नांवापुरतीं पेडल लावलीं! अशा गाड्या ताशीं ७० किलोमीटरांच्या पुढें पळत. नियमांतील शब्द पाळला गेला, अर्थ बुडाला. अखेरीस १९७७ सालीं सरकारास ताशीं ३० मैल अशी स्पष्ट वेगमर्यादा घालावी लागली. पळवाट काढणारे थोडे असतात, परंतु तिच्यामुळें येणारें बंधन सर्वांवर पडतें, हा इतिहासाचा नेहमींचा अनुभव आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिंदुस्थानांत मोटारगाड्यांचा पहिला सार्वत्रिक कायदा १९१४ सालीं, दुसरा १९३९ सालीं आणि तिसरा १९८८ सालीं झाला. मधल्या काळांत, १९७२ सालीं, पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीनें लुना बाजारांत आणली. आमच्या पिढीला तिची ओळख करून देण्याची गरज नाहीं. शिक्षक, कारकून, परिचारिका, दूधवाले यांचें तें लाडकें वाहन. तिला पेडल होतीं. परंतु कायद्याच्या दृष्टीनें ती मोटारवाहनच होती. परवाना हवा, क्रमांकाची पाटी हवी. १९८८ च्या कायद्यानें चारांहून कमी चाकांचीं अगदीं लहान इंजिनांचीं वाहनें मोटारवाहनाच्या व्याख्येंतून वगळलीं. ती मर्यादा आरंभीं ३५ घन सेंटिमीटर होती, पुढें ती २५ वर आणली गेली. लुनाचें इंजिन यापेक्षां मोठें होतें. २०२४ सालीं त्याच नांवाची विजेची गाडी निघाली, परंतु तिचाहि वेग सायकलीच्या मर्यादेबाहेरचा आहे.

विजेच्या सायकलीची आजची मर्यादा कशी ठरली, हें समजण्यास जपानचें उदाहरण उपयोगी आहे. १९९३ सालीं तेथें यामाहा कंपनीनें पास या नांवाची सायकल आणली. तिची मोटार स्वतंत्रपणें धांवत नसे. पायानें जोर लावला कीं ती त्या जोराच्या बेतानें मदत करी. ताशीं १५ किलोमीटरांनंतर मदत कमी कमी होई आणि २४ ला संपे. पाय थांबला कीं मोटार थांबे. म्हणून जपानी कायद्यानें तिला सायकलच मानलें. पुढें २००२ सालीं युरोपनें २५० वॅट व ताशीं २५ किलोमीटर ही मर्यादा घातली. आपल्याकडे २००५ सालीं केंद्रीय नियमांत तशीच व्याख्या आली. मोटारीची शक्ति पाव किलोवॅटहून कमी, वेग ताशीं २५ किलोमीटरांहून कमी, बॅटरीखेरीज वजन ६० किलोंच्या आंत, आणि मान्य संस्थेकडून तपासणी, इतकें असेल तर तें वाहन मोटारवाहन समजावयाचें नाहीं. पेडलच्या सायकलीला केवळ मदतीची मोटार असेल, तर वेग वाढतांना ती मंदावली पाहिजे व २५ ला, किंवा पाय थांबतांच, बंद पडली पाहिजे. तपासणी करणाऱ्या संस्थांपैकीं एक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, पुण्यांतच आहे.

हे आंकडे कोणाच्या लहरीनें आलेले नव्हेत. सुदृढ मनुष्य पायांनीं बराच वेळ सुमारें १०० वॅट शक्ति देऊं शकतो. तयारीचा शर्यतपटू तासभर २५० वॅट टिकवितो. ताशीं २५ किलोमीटर हा जोरानें पेडल मारणाऱ्याचा वेग. म्हणजे ही मर्यादा यंत्राची नसून माणसाच्या पायांची आहे. कायदा एवढेंच म्हणतो कीं, यंत्रानें म्हाताऱ्याला तरुणाचे पाय द्यावेत; त्याहून अधिक देऊं नये. तितकें पाळलें तर परवाना नको, नोंदणी नको, विम्याची सक्ति नाहीं. ती ओलांडली कीं तीच सायकल त्या क्षणीं मोटारवाहन होते, आणि तेंहि बिनपरवाना, बिननोंदणी व बिनविमा.

आतां तें खासगी कारण. पस्तीस वर्षें मीं शाळेंत मुलांना शिकविलें. नोकरीच्या पूर्वार्धांत साधी सायकल आणि उत्तरार्धांत लुना हीं माझीं वाहनें. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरूं लागले, म्हणून विजेची सायकल घेतली. दुकानदार हळूच म्हणाला, “मास्तर, ही एवढी वायर काढली कीं पस्तीसनें जाते. कोण बघतो?” जन्मभर मुलांच्या वह्यांत समासाबाहेरचें एक अक्षर मीं खपवून घेतलें नाहीं, परंतु ती वायर मात्र काढूं दिली. तीन महिने मोठी मौज वाटली. तरुण पोरांच्या सायकली मीं मागें टाकीत असें.

एका संध्याकाळीं मंडईकडून येत असतां एका बोळांतून एक वृद्ध बाई भाजीची पिशवी घेऊन बाहेर आल्या. मीं ब्रेक दाबले, परंतु गाडी थांबण्यापूर्वींच त्यांना धक्का लागला. त्या पडल्या, उजवें मनगट मोडलें. त्यांचा मुलगा धांवत आला, तो माझा जुना विद्यार्थी निघाला. त्यानें पहिला प्रश्न केला तो हा: “सर, तुम्हांला लागलें नाहीं ना?” त्यानें मला चार शब्द सुनावले असते, तर बरें वाटलें असतें.

औषधोपचाराचा खर्च मीं दिला. त्यांनीं तक्रार केली नाहीं. परंतु सहा आठवडे त्या बाईंना स्वतःच्या घरांत पोळी लाटतां आली नाहीं, त्याची भरपाई मी कशानें करणार? त्या रात्रीं कागद घेऊन मीं गणित केलें. ब्रेकवर हात जाण्यास साधारण एक सेकंद लागतो. ताशीं २५ किलोमीटर वेग असतां तेवढ्या अवधींत गाडी ७ मीटर जाते. ३५ असतां जवळजवळ १० मीटर. धडकेचा जोर वेगाच्या वर्गानें वाढतो. म्हणजे २५ चे ३५ झाले कीं तो जवळजवळ दुप्पट होतो. मुलांना हें गणित मीं अनेकदां शिकविलें होतें. मर्यादा म्हणजे काय, हें मला तें ३ मीटर समजावून गेले.

लाल निशाणाचा कायदा जाचक होता, तो गेला हें उत्तमच झालें. परंतु आजची मर्यादा ही निशाणासारखी नाहीं. पुढें कोणी मनुष्य चालत नाहीं, मागून कोणी शिपाई येत नाहीं. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून आपल्याला मोकळें सोडलें आहे. म्हणून विजेची सायकल घेतांना मान्य संस्थेचें तपासणीपत्र मागा, २५० आणि २५ हे दोन आंकडे पडताळून पाहा, आणि कोणी वायर काढून देऊं म्हणाला तर त्यास हात जोडा. माझी वायर मीं दुसऱ्याच दिवशीं पुन्हां जोडून घेतली. आतां तरुण पोरें मला मागें टाकून जातात, आणि मंडईजवळच्या त्या बोळापाशीं मी उतरून चालतों.