इलेक्ट्रिक गिटारचा आवाज सुधारताना : आधी पिकअप की स्पीकर?

गिटार हाताला सरावलेली असते, मान सरळ असते, सूरही टिकतो. तरीही अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणारा आवाज बोथट किंवा चिरका वाटतो. लग्नसमारंभ, फेस्त, तियात्र वा किनारी हॉटेलांतील कार्यक्रमांत वाजवणाऱ्या वादकांना ही अडचण परिचित आहे. अशा वेळी नवी गिटार घेण्याऐवजी आहे त्याच वाद्याचे पिकअप आणि स्पीकर बदलणे हा पुष्कळदा स्वस्त व समाधानकारक मार्ग ठरतो. मात्र क्रम चुकला तर पैसे वाया जातात, आणि स्पीकरची जोडणी चुकली तर अ‍ॅम्प्लिफायरच निकामी होऊ शकतो.

दोष नेमका कुठे?

तारेचे कंपन पिकअपमध्ये विद्युत संकेत बनते, अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकर त्याचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करतो. या साखळीतील सदोष दुवा ओळखण्याची सोपी रीत म्हणजे अदलाबदल. आपली गिटार दुसऱ्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर आणि दुसऱ्याची गिटार आपल्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवून पाहावी. दोष गिटारसोबत गेला तर पिकअप किंवा आतील जोडणी तपासावी. तो जागच्या जागी राहिला तर अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरकडे वळावे.

त्याआधी बिनखर्चाचे उपाय करून पाहणे शहाणपणाचे. गंजलेल्या तारा बदलाव्यात, खरखरणारे व्हॉल्यूमचे बटण साफ करावे आणि पिकअपची उंची जुळवावी. शेवटच्या पडद्यावर तार दाबली असता तार व पिकअप यांत साधारण दोन ते अडीच मिलिमीटर अंतर असणे ही चांगली सुरुवात होय. पिकअप फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो. फार दूर असेल तर आवाज क्षीण होतो. केवळ एका पेचकसाने होणाऱ्या या बदलामुळे नव्या पिकअपची गरजच उरली नाही, असेही घडते.

पिकअप : साखळीचा पहिला दुवा

पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. १९३१-३२च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाच्या गिटारमध्ये हे तत्त्व यशस्वीपणे वापरले. एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा आवाज स्वच्छ, खणखणीत असतो. पण वेटोळे घरातील विजेची गुणगुणही पकडते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने तीच कंपने, आणि तिच्या पटींतील कंपने, स्पीकरमधून ऐकू येतात.

यावर उपाय शोधला तो गिब्सन कंपनीतील सेठ लव्हर यांनी, १९५५ मध्ये. दोन वेटोळी परस्परविरुद्ध दिशेने आणि विरुद्ध चुंबकीय ध्रुवांसह जोडली की तारेचा संकेत टिकतो, मात्र बाहेरची गुणगुण एकमेकींना छेदून नाहीशी होते. हाच ‘हंबकर’. त्याचा आवाज अधिक भरदार असतो, वरचे सूर मात्र थोडे मवाळ होतात. १९७०च्या दशकात लॅरी डिमार्झिओ यांचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ आणि त्यापाठोपाठ सेमूर डंकन यांचे पिकअप आले. तेव्हापासून सुटे पिकअप विकत घेऊन बसवणे हा स्वतंत्र व्यवहारच झाला.

निवड करताना ‘अधिक जोरदार म्हणजे अधिक चांगला’ हा समज टाळावा. जुन्या धाटणीच्या एकेरी पिकअपचा रोध सुमारे ६ किलोओहम, तर हंबकरचा सुमारे ८ किलोओहम असतो. त्याहून बरेच जास्त वेढे असलेले पिकअप अ‍ॅम्प्लिफायरला लवकर फाटका आवाज देण्यास भाग पाडतात. पण त्यात सुरांचे बारकावे आणि चमक कमी होते. एकेरी पिकअपला सामान्यतः २५० आणि हंबकरला ५०० किलोओहमचे व्हॉल्यूम-नियंत्रक वापरतात. पिकअप बदलला आणि नियंत्रक तसाच ठेवला तर आवाज मंद किंवा बोचरा होऊ शकतो.

सोल्डरिंग करण्यापूर्वी जुन्या जोडणीचे छायाचित्र घ्यावे. पिकअपच्या तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे असतात. दोन पिकअप एकत्र वाजवताना आवाज अचानक पातळ आणि पोकळ झाला, तर एकाची जोडणी उलट झाली आहे असे समजावे.

स्पीकर : शेवटचा, पण सर्वांत ठळक दुवा

गिटारचा स्पीकर घरातील संगीतयंत्रासारखा तटस्थ नसतो. सुमारे ५ हजार हर्ट्झच्या पुढचे सूर तो झपाट्याने गाळतो आणि मधल्या पट्टीतील काही सूर उचलून धरतो. म्हणूनच स्पीकर बदलल्याचा परिणाम अनेकदा पिकअप बदलण्यापेक्षा मोठा असतो.

सेलेशन या ब्रिटिश कंपनीचा ‘ग्रीनबॅक’ २५ वॅटचा असून त्याची संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे. ‘व्हिंटेज ३०’ ६० वॅटचा आणि १०० डेसिबलचा आहे. हा आकडा दुर्लक्षण्याजोगा नाही. तीन डेसिबलची वाढ मिळवायची तर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करावी लागते. ते काम केवळ अधिक संवेदनशील स्पीकर करू शकतो. स्पीकरची वॅटक्षमता मात्र अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा बरीच जास्त असावी. ५० वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला २५ वॅटचा एकच स्पीकर जोडणे म्हणजे तो जाळून घेणे होय.

ओहमचे गणित

येथे चूक परवडत नाही. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ४ ओहम आणि एकामागोमाग जोडले तर १६ ओहम होतात. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्यावर लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा कमी भार देऊ नये. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नेमका तोच आकडा जुळवावा, आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवू नये. त्याने आतील ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पेटीला जोडण्यासाठी गिटारची बारीक केबल नव्हे, तर जाड स्पीकर-वायरच वापरावी. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा विद्युतभाग घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये प्राणघातक दाबाची वीज शिल्लक राहू शकते.

पेटी आणि पावसाळा

मागून उघडी पेटी आवाज चौफेर पसरवते, पण खर्ज थोडा सैल ठेवते. बंद पेटी खर्ज घट्ट करते आणि आवाज समोर फेकते. लहान खोलीत पहिली, तर मोठ्या मंचावर दुसरी सोयीची. पेटीसाठी चांगले प्लायवूड निवडावे. भुसा दाबून केलेला बोर्ड ओल शोषून फुगतो, कोपऱ्यांतून सुटतो आणि मग पेटी खडखडू लागते. गोव्यातील पावसाळ्यात हा धोका अधिक. पेटी थेट फरशीवर वा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पिकअपच्या लोखंडी खिळ्यांनाही खारट हवेने गंज चढतो. वाजवून झाल्यावर घाम पुसून गिटार पेटीत ठेवावी.

थोडक्यात क्रम असा : प्रथम तारा आणि उंची, मग स्पीकर, शेवटी पिकअप. गुणगुण हीच मुख्य तक्रार असेल तर मात्र पिकअप आधी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने काय साधले हे कानाला कळते. काढलेले सुटे भाग जपून ठेवावेत. गिटार विकायची वेळ आली तर मूळ भागांसह तिला बरा भाव येतो.