‘लाइन’ची कुळकथा

नागपूरच्या पूर्वेकडील नंदनवन वस्तींत उन्हाळ्याच्या दुपारीं पंखा थांबला, कीं घराघरांतून एकच उद्गार निघतो : “लाइन गेली!” त्याच घरांत मुलानें कोणती ‘लाइन’ धरावी याचा विचार चालतो, आणि हूड पोराला ‘लाइनीवर’ आणण्याची चिंताही वाहिली जाते. इंद्राच्या उद्यानाचें नांव मिरविणाऱ्या या वस्तींत हा परका शब्द इतका घरचा कसा झाला?

लॅटिन भाषेंत ‘लीनुम’ म्हणजे जवस. त्याच्या तंतूंचा दोरा ती ‘लीनेआ’. दोरा ताणला कीं सरळ रेघ मिळते; म्हणून दोऱ्याचें नांव रेघेस लागलें, आणि पुढें ओळीस व रांगेसही. जवस नागपूर-वऱ्हाडच्या शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या परिचित. परंतु त्याच्यापासून निघालेला हा शब्द येथें आला तो राज्यकर्त्यांबरोबर.

पलटणीच्या राहुट्या व बराकी ओळीनें असत; त्यांस इंग्रज ‘लाइन्स’ म्हणत. 1817 च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली, 1821 सालीं कामठीस छावणी पडली आणि 1854 सालीं भोसल्यांचें राज्य खालसा झालें. मुलकी अधिकाऱ्यांच्या वस्तीसही पलटणीचाच शब्द मिळाला : ‘सिव्हिल लाइन्स’. सीताबर्डीच्या टेकडीच्या पश्चिमेस साहेबांचे बंगले, पूर्वेस भोसल्यांचें जुनें शहर. या शब्दानें तेव्हां माणसांची विभागणीच दाखविली.

1867 सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोंचली आणि ‘लाइन’ म्हणजे लोहमार्ग झाला. तारायंत्राच्या व विजेच्या तारांनाही तेंच नांव पडलें.

मराठींत रेषा, ओळ, रांग, तार हे शब्द होतेच. पण नव्या वस्तूंबरोबर नवें नांवही आलें. मराठीनें मात्र तें जसेंच्या तसें ठेविलें नाहीं. रेषा, ओळ, रांग, तार हे सारे स्त्रीलिंगी. म्हणून ‘लाइन’ही स्त्रीलिंगी झाली आणि ‘लाइनींत’, ‘लाइनीवर’ अशी मराठी विभक्तीप्रत्ययांनीं व शब्दयोगी अव्ययांनीं नटली.

1936 सालीं स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयाची इमारत याच सिव्हिल लाइन्समध्यें उभी राहिली. तेथें आज मुंबई उच्च न्यायालयाचें नागपूर खंडपीठ भरतें, आणि नंदनवनचा नागरिक आपली दाद मागण्यास त्याच दारीं जातो. परका शब्द भाषेंत शिरला म्हणून भाषा दुबळी होत नाहीं. तिच्या व्याकरणानें त्यास आपलासा केला, कीं तिची सत्ता अबाधितच राहते.